आधी सांगायचं ना!

वाचकहो, एस.टी.च्या खिडकीतून आत पडणारा रुमाल आपण सर्वांनीच पाहिला आहे. गाडी स्टँडवर पुरती थांबलेलीही नसते. आतले उतारू उतरत असतात. दारापाशी बायाबापड्या, पोरे, पिशव्या आणि बोचकी यांची दाटी झालेली असते. अशा वेळी एखादा इसम गाडीच्या कडेने धावत येतो, टाचा उंच करतो, खिडकीची काच सरकवतो आणि रुमाल, टोपी नाहीतर वर्तमानपत्र आतल्या बाकावर टाकतो. झाले! जागा त्याची झाली. मग तो तंबाखू मळत सावकाश सर्वांच्या शेवटी चढला तरी चालते. दारातून रीतसर चढलेल्या माणसाने त्या बाकावर बसू नये असा अलिखित कायदा आहे. तो कोणी केला हे कोणालाच ठाऊक नाही. परंतु तो मोडणाऱ्याकडे सगळी गाडी गुन्हेगाराकडे पाहावे तशी पाहते.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेसाठी मी आईला घेऊन बहिणीच्या गावी निघालो होतो. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर नेहमीसारखीच गर्दी होती. आई पुढे चढली. मी पिशव्या घेऊन मागे राहिलो. माझ्या आईचे वय पासष्टच्या पुढे आहे. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात रोजगाराने भांगलण करण्यात गेल्यामुळे तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. तिसऱ्या बाकावर जागा दिसली तशी ती बसली. मी दारातून आत डोकावतो तोच पांढऱ्या कडक इस्त्रीतले एक गृहस्थ तिच्यासमोर उभे दिसले. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास.

"ए म्हातारे, ऊठ. रुमाल दिसंना व्हय?"

वाक्य पुरे होण्याआधीच आई उठली होती. इतकेच नव्हे, तर तिने तो रुमाल हातात घेतला होता आणि त्याची नीट घडी करून ती तो त्या गृहस्थांपुढे धरीत होती. ते "ए म्हातारे" मी कदाचित विसरेनही. पण ती रुमालाची घडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी पुढे झालो. म्हणालो, "जरा नीट बोला. तुमच्या आईच्या वयाच्या आहेत त्या."

"तू कोण रे?"

"मी त्यांचा मुलगा. शाळेत शिक्षक आहे."

त्या माणसाचा चेहरा माझ्या देखत बदलला. "अहो सर, मग आधी सांगायचं ना! बसू द्या, बसू द्या आईंना." आई पुन्हा बसली. गृहस्थांनी माझी पिशवी स्वतः वरच्या फळीवर चढवली, मला शेजारच्या बाकावर सरकून जागा दिली आणि त्यांच्या मुलाला दहावीनंतर कोणत्या शाखेला घालावे याविषयी माझे मत विचारू लागले. पाऊण तास आम्ही बोलत होतो. आई खिडकीशी गप्प बसून होती. तिच्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत. चूक झाली असे त्यांनी म्हटले ते माझ्यापाशी, तिच्यापाशी नाही.

वाचकहो, त्या दिवशी मला बरे वाटले, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. बापाने हमाली करून मला शिकवले, ते असा माणूस समोर नरमावा म्हणूनच, असेही क्षणभर वाटून गेले. पण रात्री बहिणीच्या घरी हा प्रसंग मी जरा रंगवूनच सांगत होतो, तेव्हा आई चुलीजवळून म्हणाली, "तू व्हतास म्हणून. एकटी असली म्हंजे मी उभीच ऱ्हाती. बरं पडतं."

या "बरं पडतं" वर मी तेव्हापासून विचार करीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, मी शिक्षक आहे हे त्या माणसाने मला विचारलेच नव्हते. "तू कोण रे" याला "मी त्यांचा मुलगा" एवढे उत्तर पुरेसे होते. पुढचे वाक्य मी माझ्या मनाने जोडले. का जोडले? कारण नुसत्या म्हातारीच्या नुसत्या मुलाला तो जुमानणार नाही, हे मला आतून ठाऊक होते. म्हणजे त्याचा हिशेब मला मान्य होता. माझी तक्रार एवढीच होती की त्या हिशेबात आमचा आकडा चुकला आहे. "आधी सांगायचं ना" या शब्दांचा अर्थ तरी दुसरा काय? माणसाला माणसासारखे वागवण्यापूर्वी तो कोण आहे ही चौकशी झाली पाहिजे. चौकशी होईपर्यंत त्याला "ए" म्हणण्याची मुभा आहे. आईला माफी मिळाली नाही, कारण त्या माणसाच्या लेखी तिच्याशी काही चुकीचे वागले गेलेच नव्हते. चूक झाली होती ती सरांच्या आईशी.

आणि ही चौकशी एकदा करून थांबत नाही. उतरायच्या थोडे आधी त्यांनी विचारले, "सर, आडनाव काय म्हणालात?" मी आडनाव सांगितले. क्षणभर ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हां... असू दे, असू दे."

काय असू दे? माझे आडनाव मला असू दे, अशी परवानगीच जणू त्यांनी दिली! त्यात शिवी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. अनुसूचित जातीच्या माणसाचा लोकांदेखत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्यासाठी १९५५ चा कायदा त्याच्याही आधीपासून आहे. हे कायदे आपल्याला फुकट मिळालेले नाहीत आणि त्यांची गरज आजही संपलेली नाही. परंतु "असू दे" हे कोणत्या कलमात बसवायचे? एका तासाच्या प्रवासात माझी किंमत दोनदा ठरली. नोकरी कळली तेव्हा ती चढली आणि आडनाव कळले तेव्हा थोडी उतरली. मी मात्र सर्व वेळ त्याच बाकावर, त्याच सदऱ्यात बसलेला होतो.

मसूर हे स्टेशन आमच्याच सातारा जिल्ह्यातले. १९०१ साली बालवयातले भीमराव, त्यांचे वडील भाऊ आणि भाचा कोरेगावला वडिलांकडे जाण्यासाठी या स्टेशनवर उतरले होते. न्यायला कोणी आले नव्हते. मुले नव्या कपड्यांत, नीटनेटकी होती. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांकडून जात सांगितली गेली, आणि त्या मास्तरचा चेहरा पालटला. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. गाडीवाले दुप्पट भाड्याखेरीज न्यायला तयार नव्हते, आणि तेही मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर. ही हकीकत आपण सर्वांनी वाचलेली आहे. मला येथे लक्ष वेधायचे आहे ते फक्त त्या चेहऱ्याकडे. मसूरचा मास्तर कपडे पाहून सभ्य झाला आणि जात कळल्यावर दूर गेला. माझ्या गाडीतला गृहस्थ लुगडे पाहून उर्मट झाला आणि नोकरी कळल्यावर सभ्य झाला. एकाचा चेहरा एका बाजूला फिरला, दुसऱ्याचा उलट्या बाजूला. पण ज्या खिळ्यावर दोघांचे चेहरे फिरले, तो खिळा एकच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सार्वजनिक जागी मोठ्याने किंवा तुसडेपणाने बोलणारा प्रत्येक माणूस मी या माळेत ओवत नाही. कंडक्टर ओरडतो, "पुढं सरका, पुढं सरका, मागं काय हाय?" तो तुम्हालाही सरकायला सांगतो, मलाही आणि त्या इस्त्रीवाल्यालाही. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसलेला असतो. त्याच्या ओरडण्यात एक प्रकारची समता आहे असे मी थट्टेने म्हणतो, पण ते सर्वस्वी थट्टेवारीही नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे बसलेली बाई शंभरावा माणूस आला की चिडते. तिचे चुकते, पण ती थकलेली असते. थकव्यातून येणारा तुटकपणा आणि आपण वरचे आहोत या खात्रीतून येणारा उर्मटपणा यांत फरक आहे. थकलेला माणूस विश्रांती मिळाली की नीट बोलतो. गुर्मी असलेला माणूस झोप झाल्यावर अधिकच ताजातवाना होतो.

दुसरा खुलासा हक्काविषयी. आपण हक्क मागणारी माणसे आहोत, आणि उर्मट माणूसही हक्काचीच भाषा बोलतो. "माझी जागा आहे, माझा रुमाल आहे." मग त्याच्या हक्कात आणि आपल्या हक्कात फरक काय? मला सुचलेली कसोटी साधी आहे. हक्क सर्वांना मिळाला तरी कमी होत नाही. मिजास मात्र सर्वांना मिळाली की संपते. गाडीतल्या साठ जणांनी साठ रुमाल टाकले तर रुमालाला काही किंमत उरेल काय? ज्याचा हात खिडकीपर्यंत पोहोचतो त्याचीच ती सोय आहे. म्हाताऱ्या बाईचा पोहोचत नाही, कडेवर पोर असलेल्या बाईचा पोहोचत नाही. आणि गंमत अशी की, जेव्हा खरा हक्क मिळतो तेव्हा याच माणसांना ती भीक वाटते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. तेव्हापासून "अर्ध्या तिकिटात बसतात आणि जागा पुरी पायजे" हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. बोलणाराची स्वतःची बायको त्याच सवलतीत माहेरी जात असते!

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. भारताची घटना तेव्हा तयार व्हायची होती. मला ही गाडी घटनेची थोरली बहीण वाटते. तिच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसेल हे गावाने ठरवायचे नसते, तिकिटाने ठरायचे असते. पण तिकीट मनुष्याला बाकावर बसवू शकते, शेजाऱ्याच्या मनात बसवू शकत नाही. ते काम बंधुतेचे. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीपुढे मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता. बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने तो उद्देशिकेत घातला आणि व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी त्याची सांगड घातली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे बाबासाहेबांनी बजावून सांगितले. आमच्या शाळेत परिपाठाला मुले रोज उद्देशिका म्हणतात. बंधुता या शब्दावर बहुतेक मुले अडखळतात. मी तो उच्चार दुरुस्त करतो आणि पुढे जातो.

मी मराठी शिकवतो, म्हणून अरे-तुरेविषयी चार शब्द लिहिल्याखेरीज राहवत नाही. आपल्या भाषेत "तू" हा शब्द दोन अगदी विरुद्ध कामे करतो. मी माझ्या आईला "तू"च म्हणतो. आपल्यापैकी बहुतेक जण म्हणत असतील. मग त्या माणसाच्या "तू"ने मला का जाळले? शब्द तर तोच. फरक मला असा दिसतो की, आईच्या "तू"ला मी "तू"ने उत्तर देतो आणि मित्राच्या "तू"ला मित्रही. जो "तू" परत करता येतो तो जवळिकीचा. जो परत केला तर भांडण पेटते तो पायरीचा. "ए म्हातारे" ला आईने "काय रे म्हाताऱ्या" असे उत्तर दिले असते तर? सगळी गाडी तिलाच उद्धट म्हणाली असती. आपल्या आज्या-पणज्यांची नावे आठवून पाहा. कागदावर रामजी असलेला माणूस गावाच्या तोंडी जन्मभर "राम्या" राहिला. त्याला अशी हाक मारणारा पोरगा दहा वर्षांचा आणि रामजीच्या मिशा पांढऱ्या, तरीही. महारकीच्या वतनात रात्री-अपरात्री केव्हाही हाक यावी आणि ओ देत जावे हेच कर्तव्य होते. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली बिल आणले. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. वतन गेले, पण हाकेला ओ देण्यासाठी उठणारे गुडघे आईच्या पिढीपर्यंत आले. ते दुखणारे गुडघे घेऊनही ती वाक्य संपण्याच्या आत उठली.

म्हणूनच मला "जय भीम" या अभिवादनाचे मोल वाटते. पूर्वी आपली माणसे "जोहार" म्हणत आणि जोहाराला जोहाराने उत्तर मिळत नसे. तो एकाच बाजूने वर जाणारा शब्द होता. "जय भीम" ला "जय भीम" हेच उत्तर आहे. कलेक्टर असो की कचरा वेचणारी बाई असो, दोन्हीकडून तोच शब्द, तेवढाच. अभिवादन कसे असावे याचा हा नमुना आपल्याच घरात आहे. तो नमुना आपण दिवसाच्या बाकीच्या बोलण्यात किती उतरवला, हा प्रश्न मात्र मी पुढे विचारणार आहे.

तर मग अशा प्रसंगी करावे काय? धम्माची माहिती असलेले लोक चटकन अक्कोसक भारद्वाजाची गोष्ट सांगतात. राजगृहाला हा ब्राह्मण रागाने येऊन तथागतांना वाटेल ते बोलला. तथागतांनी विचारले, तुझ्या घरी पाहुण्यांपुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, आमचेच. तसेच तुझ्या शिव्यांचेही, असे तथागतांनी त्याला सांगितले. गोष्ट थोर आहे. परंतु ती आपल्या माणसाला सांगताना सावध राहिले पाहिजे. तथागत कोणाचे रोजंदारीवरचे गडी नव्हते. त्यांनी शिवी घेतली नाही, कारण ती घ्यायची की नाही हे त्यांच्या हाती होते. माझ्या आईच्या हाती होते काय? "एकटी असली म्हंजे उभीच ऱ्हाती" याला क्षांती म्हणणे ही आईची स्तुती नाही, ती तिची फसवणूक आहे. जो बोलू शकतो आणि बोलत नाही, त्याच्या मौनाला क्षमा म्हणावे. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या मौनाला भीती हेच नाव आहे, आणि ते प्रामाणिकपणे उच्चारावे.

मला दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटते. ती सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात आहे. श्रावस्तीत भिक्षाटनाला निघालेले तथागत अग्गिक भारद्वाजाच्या घराकडे येताना दिसले. त्याने दुरूनच त्यांना थांबवले आणि मुंडका, वसला अशा शब्दांनी हिणवले. वसल म्हणजे हीन, बाहेरचा. रस्त्यात, अनोळखी माणसाने, कारण नसताना केलेला हा अपमान आजच्या आपल्या प्रसंगांच्या किती जवळ आहे पाहा. येथे तथागत गप्प राहिले नाहीत. त्यांनी उलट शिवीही दिली नाही आणि, हे फार महत्त्वाचे आहे, मी शाक्यांचा राजपुत्र आहे असेही सांगितले नाही! वास्तविक किती सोपे होते ते. भारद्वाजाने तत्काळ "अहो, मग आधी सांगायचं ना" म्हणून आसन मांडले असते. त्याऐवजी तथागतांनी विचारले, वसल कोणाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे काय? आणि मग जन्माने कोणी वसल होत नाही, वागण्याने होतो, हे एकेक उदाहरण देऊन त्याला ऐकवले. स्वतःला उंच मानून दुसऱ्याला तुच्छ लेखणारा हेही त्या उदाहरणांतले एक आहे.

मी गाडीत शाक्य राजपुत्र झालो. माझे राजपुत्रपण केवढे, तर एका शाळेतल्या शिक्षकाएवढे. पण ते मी वापरले. "या बाई तिकीट काढून दारातून चढल्या आहेत, तुमचा रुमाल खिडकीतून आला आहे, आता जागा कोणाची हे तुम्हीच सांगा," असे मी विचारायला हवे होते. त्याने ऐकले असते असे मी म्हणत नाही. कदाचित हमरीतुमरीवर आला असता, कदाचित आईला उभ्याने जावे लागले असते. परंतु निदान पलीकडच्या बाकावरच्या दुसऱ्या म्हातारीला, जिचा मुलगा शिक्षक नाही, त्या प्रश्नाचा काही उपयोग झाला असता. माझ्या उत्तराचा तिला काडीचा उपयोग झाला नाही.

आता आपल्याकडे वळतो. हा भाग लिहायला जड जातो, म्हणून आतापर्यंत टाळला.

१९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून फिरत असताना चाळीसगावला उतरले. तेथील आपल्या लोकांनी त्यांना वस्तीत नेण्यासाठी टांगा आणला. टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार होईना. त्याने टांगा भाड्याने दिला, स्वतः हाकला नाही. साहेबांनी पायी जाणे शोभणार नाही म्हणून आपल्यापैकीच एकाने, ज्याला हाकण्याचा सराव नव्हता, लगाम हाती घेतला. मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. टांगेवाला काही श्रीमंत नव्हता, शिकलेलाही नव्हता. पण परदेशातून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाहून आपण वरचे आहोत, ही त्याची खात्री होती. बाबासाहेबांनी त्यातून नेमके हेच टिपले आहे. जातीची ही करामत आहे की ती प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी ठेवते. ज्याच्या पायाखाली कोणी उरले नाही असे वाटते, तो शोधून काढतो.

मीही शोधून काढले. दिवाळीचा प्रसंग ताजा असतानाच फेब्रुवारीत आमच्या शाळेत तपासणी होती. दुपारच्या पोषण आहाराची खिचडी उशिरा झाली. केंद्रप्रमुख येऊन बसलेले, मुले ताटे घेऊन ओट्यावर ओळीने बसलेली. खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्या थोरल्या बहिणीहून मोठ्या आहेत. त्यांना मिळते ते मानधन किती अपुरे असते आणि किती महिने रखडते, हे आपल्यापैकी शिक्षकांना सांगायला नको. त्या दिवशी जळण ओले होते. मी शेडच्या दारात उभा राहून, पाचवीचा सगळा वर्ग ऐकत असताना ओरडलो, "ए, किती वेळ अजून? झोपलीस काय?"

त्या काही बोलल्या नाहीत. पातेले उचलून आणले.

दुसऱ्या दिवशी वाढताना पाचवीतला एक मुलगा ताट पुढे करून त्यांना म्हणाला, "ए, वाढ की लवकर." कालपर्यंत तो त्यांना मावशी म्हणत होता. मी त्याला बाजूला घेऊन दरडावले. तो घाबरला, पण खोटे बोलला नाही. "गुरुजी, तुम्हीच तर काल तसं म्हणाला व्हता." हा मुलगा त्यांच्याही जातीचा नाही आणि आपल्याही नाही. त्याला कोणी जात शिकवली नव्हती. कोणाला "ए" म्हणता येते, एवढे त्याने एका दिवसात शिकून घेतले होते. वर्षभर मी त्याला बंधुतेचा उच्चार शिकवीत होतो.

आपल्यापैकी जे शिकून खुर्चीवर बसले आहेत त्यांनी आपापल्या कचेरीतला शिपाई, सोसायटीचा वॉचमन, हॉटेलात टेबल पुसणारा मुलगा आठवून पाहावा. "छोटू" हे कोणाचेही नाव नसते. कोणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्याने काय बिघडते, आपल्याला तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावे लागले. मीही स्वतःशी हेच म्हणत होतो. ऐकून घेतल्याने ऐकवण्याचा अधिकार मिळतो, असा हा युक्तिवाद आहे. टांगेवाल्याकडेही असाच काही असला पाहिजे.

मावशींची माफी मागायला मला आठ दिवस लागले. एका संध्याकाळी मुले घरी गेल्यावर मी शेडमध्ये गेलो. त्या पातेली घासत होत्या. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला नको तसं बोललो. चुकलं माझं." त्या हात न थांबवता म्हणाल्या, "असू दे गुरुजी. कामात व्हतं तसं."

तेच शब्द, "असू दे". पण या वेळी ते म्हणणाऱ्या बाईकडे देण्यासारखे खरोखर काही होते, आणि घेणारा मी होतो. मी निघालो तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. शिक्षक शेडमध्ये आले-गेले की त्या नेहमीच उठतात, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातही आलेले नव्हते.

घरी येताना लक्षात आले की, अपमान चाळीस मुलांदेखत झाला होता आणि माफी रिकाम्या शाळेत मागितली गेली. हा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. पाचवीची ती मुले आता जूनमध्ये सहावीत जातील. मावशी त्याच आहेत. परिपाठाला सगळेच वर्ग मैदानावर असतात.